हात पोचला, नाव लागलं

“ही पोरं आत येणार नाहीत,” म्हणत कंपनीच्या साहेबानं फाटक लावलं. वीटभट्टीवरची लेकरं बाहेर, दप्तरं छातीशी धरून. एक पोरगी रडायला लागली. त्या शाळेत मी खिचडी शिजवते. हातातला डाव घेऊन तशीच धावले.

मोठ्या बाई वर्गातून आल्या. ओरडल्या नाहीत. फाटकाच्या गजातून त्या पोरीला म्हणाल्या, “उजवा हात डोक्यावरून घे. डावा कान धर.” तिनं धरला.

“हात पोचला, नाव लागलं!”

तुमच्यातल्या जुन्यांना ठाऊक असेल. जन्माचा दाखला नसला की वय असंच ठरायचं. माझं नावही असंच लागलं, चौथीपर्यंत टिकलं. बाई मात्र दाखला असला तरी कान धरायला लावत. लहान पोरं मान वाकडी करून कान गाठायची. बाई तेव्हा आभाळाकडं बघायच्या.

उमरीजवळची आमची सरकारी शाळा कंपनीनं दत्तक घेतली. रंग आला, संगणक आले, दारावर कंपनीची पाटी आली. बाई खूश होत्या, मीही. मग साहेबानं पहिलीतल्या लेकरांची परीक्षा घेतली. नापास झाली ती वीटभट्टीवरचीच; त्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं म्हणे.

“मॅडम, निकाल चांगला दिसायला पाहिजे. शाळा आम्ही दत्तक घेतली आहे.”

“घ्या की! पण घर दत्तक घेऊन लेकरं बाहेर काढणारा बाप पहिल्यांदाच बघून राहिले.”

“तुमची बदली होईल.”

“हाव, होईल. मावशी, फाटक उघडा.”

साहेब आडवा आला. मी डाव पुढं केला. पांढऱ्या शर्टावर डाळीचा थेंब पडला तसा तो मागं सरला. एकेक लेकरू कान धरून आत गेलं.

बाई साहेबाला म्हणाल्या, “आता तुम्ही. बघू, पोचतो का.”

का कोण जाणे, त्यानं हात वर नेला. कोट काखेत अडला. रडणारी पोरगीसुद्धा हसली.

“नापास,” बाई म्हणाल्या. “पण या, बसा. आमच्या शाळेत नापासालाही बसू देतात.”

बदली झालीच, पार माहूरकडं. सत्काराची शाल बाईंनी माझ्याच खांद्यावर टाकली आणि एसटीत चढल्या. पुन्हा आल्या नाहीत. पाटी अजून कंपनीचीच आहे. परीक्षा मात्र परत कुणी घेतली नाही.

ती रडणारी पोरगी आता चौथीत आहे. फाटकाबाहेर ठेवलेलं एकही लेकरू ओढ्यापलीकडं गेलं नाही. दुपारी ताट घेऊन सगळी माझ्यासमोर बसतात.