रेवदंड्यात कुणालाच सर्दी होत नव्हती

"शून्य?" सरांनी फोनवर पुन्हा विचारलं.

"शून्य, सर."

"अहो, जुलै महिना आहे. पाऊस कोसळतोय. साठीच्या वरची माणसं आहेत. आणि एकालाही सर्दी नाही?"

"नाही सर. सगळे मजेत आहेत."

"मग एक तर आपल्या हाती जगातली सगळ्यात भारी लस लागलीय, नाहीतर तुमचा फोन बिघडलाय. महिनाअखेर कमिटीची मीटिंग आहे. तोवर सँपल आलं नाही, तर रेवदंड्याची साइट बंद करावी लागेल."

सर म्हणजे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. मी साथरोगतज्ज्ञ. श्वासाच्या आजारांचे विषाणू आणि त्यांच्यावरच्या लसी हे माझं काम. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या वयस्क माणसांना फ्लूची लस दिली होती. आता बघायचं होतं की ती कितपत उपयोगी पडते. त्यासाठी कुणाला सर्दी-खोकला झाला की नाकात काडी फिरवून सँपल घ्यायचं. या काडीला आम्ही स्वॅब म्हणतो. तो लॅबमध्ये पाठवायचा आणि सर्दी फ्लूची आहे की दुसऱ्या कशाची, ते तपासायचं.

थोडक्यात, लस चालते का हे कळायला लोकांना सर्दी व्हावी लागते. सकाळी उठून लोक आजारी पडावेत अशी वाट बघायची, असं हे आमचं विचित्र खातं आहे.

आमची फील्ड वर्कर नीलम चौलची. ती घराघरात फोन करायची. "ताप? खोकला? सर्दी?" उत्तर ठरलेलं: "न्हाय गो बाय. बरा हाय."

आठवड्यापूर्वी मी एक धावती फेरी मारली, तेव्हाही हेच ऐकलं. शेवटी मी मुक्कामाच्या तयारीने गेले. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या वर ओढून ठेवलेल्या आणि माणसं घरी. आम्ही गाडीतून उतरलो आणि मला पहिली शंका आली. कोळीवाड्यात सुक्या मासळीचा वास येणार हे मी धरून चालले होते. इथे त्याच्याही वरताण बामचा वास येत होता.

"कुणाचं डोकंबिकं दुखतंय का?" मी नीलमला विचारलं.

"सगळ्यांचंच दुखत असेल, मॅडम," ती म्हणाली.

चांगुणाबाईंच्या पडवीत बसलो. कोळीवाड्यात त्यांचा शब्द चालायचा. लस घ्यायला सगळ्यांना रांगेत त्यांनीच उभं केलं होतं. त्यांचा आवाज एरवी बंदरावरून बाजारापर्यंत पोहोचायचा. आज घशातून नुसतं खरखर येत होतं.

"मावशी, आवाजाला काय झालं?"

"काय न्हाय. कालपासून बोललेच न्हाय कुनाशी."

ही गोष्ट सर्दीपेक्षाही अशक्य होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून जोरात खोकल्याचा आवाज आला.

"आत कोण आहे?"

"मांजर हाय."

मांजर पुन्हा खोकलं आणि "आई गं" म्हणालं.

नीलमने ओढणी तोंडावर घेतली. मी चांगुणाबाईंकडे बघितलं. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, रागावू नका. तुमी येवऱ्या लांबशी येता. आमाला सुई देता. आमच्या म्हातार्‍यांच्या पाया पडता. आता लस घेऊन पन सर्दी झाली असा तुमाला कुठल्या तोंडाने सांगायचा? तुमचा साहेब तुमाला बोलेल. म्हनेल, बाईची लस फुकट गेली. तुमची नोकरी जायाची. आमी सगल्यांनी मिलून ठरवला, मॅडमला वाईट वाटंल असा बोलायचा न्हाय."

मी गार पडले. वीस वर्षं मी गावोगाव फिरले आहे. लोकांनी मला हाकलून दिलंय, कुत्रं अंगावर सोडलंय. पण माझी अब्रू राखायला अख्ख्या वस्तीने खोकला दाबून धरलाय, असं कधी झालं नव्हतं.

मी समजवायला लागले. फ्लूची लस फक्त फ्लूच्या विषाणूला अडवते. सर्दी करणारे विषाणू पुष्कळ असतात. दुसऱ्या विषाणूने सर्दी झाली तर लसीचा दोष नाही. चेहऱ्यांवर काही फरक दिसेना, म्हणून उदाहरण दिलं. "आता बघा, पापलेटच्या जाळ्यात कोळंबी आली नाही, तर जाळं फुटकं म्हणाल का?"

"पापलेटच्या जाल्यात काय पन येते मॅडम," चांगुणाबाई म्हणाल्या. "मागं एकदा खुर्ची आलेली."

उदाहरण तिथेच बुडालं.

"बरं, आता सर्दी आहे ना? मग स्वॅब देता?"

आता दुसरी अडचण निघाली. ती काडी नाकातून मेंदूपर्यंत जाते आणि माणूस हिशेब विसरतो, अशी बातमी होती. पडवीत एव्हाना पाचसहा बायका जमल्या होत्या. कुणी नाक पुढे करेना. मी मास्क काढला, नीलमला म्हटलं, "माझा घे."

बायका पुढे सरकून बसल्या. नीलमने अगदी नियमाप्रमाणे काडी आत घातली, गोल फिरवली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि काडी बाहेर येताच मी अशी शिंकले की पुढची रांग मागे झाली. सगळ्या पोट धरून हसल्या.

"झालं. आता कोण?"

सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

माझी काडी नीलमने गुलाबी पाण्याच्या ट्यूबमध्ये टाकली. त्या पाण्यात विषाणू टिकून राहतो. तिने ट्यूबवर लेबल लावलं, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि तालुक्याहून निघणाऱ्या गाडीने लॅबला पाठवून दिली. मी म्हटलं, "अगं, ती नुसती दाखवायला होती." ती म्हणाली, "मॅडम, घेतलेलं सँपल टाकायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये तुम्हीच सांगितलंत."

मी लॉजवर मुक्कामाला राहिले. सकाळपासून घसा जरा खवखवत होता. गाडीच्या एसीचा परिणाम असेल, असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी अंगात कणकण होती आणि लॅबचा फोन आला. तिकडचा मुलगा आनंदाने ओरडत होता.

"मॅडम, अभिनंदन! रेवदंड्याचं पहिलं पॉझिटिव्ह! फ्लू नाही, आरएसव्ही आहे. पेशंट कोण आहे?"

"मी," मी म्हटलं.

आरएसव्ही हा सर्दीचाच एक विषाणू. धडधाकट माणसाला नाक वाहण्यापलीकडे फारसा त्रास देत नाही, पण तान्ह्या बाळांना आणि म्हाताऱ्यांना जड जातो. आणि मी काल म्हाताऱ्यांच्या वस्तीत मास्क काढून शिंकले होते. माझं हसू पळालं. सरांना कळवलं. ते म्हणाले, "शून्याचा एक केलात, पण तो आपलाच स्टाफ. हा धरता येणार नाही." मग मी चांगुणाबाईंना फोन लावला.

"मावशी, मला सर्दी झालीय. ताप आहे. काल तिथे बसले होते, त्या सगळ्यांना सांभाळायला सांगा. कुणालाही त्रास झाला तर लगेच कळवा."

"तुमाला सर्दी? तुमी लस न्हाय घेतली?"

"घेतली ना. तुमच्याबरोबरच. पण हा दुसरा विषाणू आहे. याला ती लस नाही चालत."



"मग साहेब काय बोलला?"

"काही नाही. विश्रांती घ्या म्हणाले."

"नोकरी हाय?"

"आहे."

"लसीला कोन काय बोलला न्हाय?"

"नाही हो."

चांगुणाबाईंनी सुस्कारा सोडला. मागे मांजर खोकत होतं. "मॅडम, ते आमचे नाखवा हाईत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमी यायच्या आदीपासून खोकतात. आता झोपवत न्हाय त्यांना. बसून असतात. दम लागतो."

मी ताडकन उठून बसले. नीलमला पळवलं. तिने चांगुणाबाईंच्या नवऱ्याच्या, हिराजी नाखवांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. आकडा बघून तिने मला फोन करण्याआधी गाडी बोलावली, हे फार बरं केलं. नाखवांना अलिबागला दवाखान्यात दाखल केलं. ऑक्सिजन लावला. पहिली रात्र मी लॉजवर तापात पडून सारखी फोनकडे बघत होते. सकाळी नीलम म्हणाली, "चहा मागतायत. साखर कमी म्हणून भांडले." तेव्हा मी पांघरूण घेऊन झोपले.

नाखवांच्या स्वॅबमध्येही आरएसव्हीच निघाला.

ही बातमी कोळीवाड्यात वाऱ्यासारखी पसरली आणि दोन तट पडले. मॅडमने नाखवांना दिला की नाखवांनी मॅडमला? माझ्या आधीच्या फेरीत मी त्यांच्याच पडवीत बसले होते. लॅबने दोन्ही विषाणूंची जनुकं तपासली, ती जवळजवळ सारखीच निघाली. पण कुणाकडून कुणाला गेला, ते त्यावरून सांगता येत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. चांगुणाबाईंना ते पटलं नाही. "नाखवा आदीचे हाईत," त्या ठणकावून म्हणाल्या. "आमच्या गावचाच हाय तो."

त्या दिवसापासून नीलमचा फोन थांबेना. प्रत्येकाला आपल्या नाकात कुठला विषाणू आहे, ते हवं होतं. एक आजी मिरचीच्या फोडणीने शिंकल्या, तरी स्वॅब द्यायला आल्या. काहींना आरएसव्ही निघाला, काहींना साधी सर्दी, थोड्यांना फ्लू. ज्यांना साधी सर्दी निघाली ते हिरमुसले. मी लॉजवर पडून होते तोवर चांगुणाबाई रोज फोन करून विचारायच्या, "ताप? खोकला? दम?" मी "बरं आहे" म्हटलं की म्हणायच्या, "खरा बोला मॅडम, लपवू नका."

रेवदंड्याची साइट वाचली. लस फ्लूला बऱ्यापैकी अडवते, बाकीच्या सर्दीला नाही, एवढंच आमच्या अभ्यासातून निघालं. माझं सँपल शेवटपर्यंत कुठल्याच तक्त्यात बसलं नाही.

लोक भीतीने माहिती लपवतात, असं आम्हाला शिकवलं होतं. सभ्यपणानेही लपवतात, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हतं. आता नव्या गावात गेले की मी नमस्कारानंतर पहिलं वाक्य हेच बोलते, "ही लस मी बनवलेली नाही. तिला मनसोक्त नावं ठेवा."