एक बोट कमी

हातमोजे असतात, पायमोजे असतात, तसे आमच्या कारखान्यात एक बोटमोजे होते. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. फाटकावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना बोटमोजेच म्हणत, आणि तेही ‘ओ’ देत.

आमचा कारखाना टाक्या बनवतो. टाकी म्हटल्यावर गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणू नका. तशा दोनशे टाक्या आमच्या एका टाकीत लपाछपी खेळतील. पाच मीटर जाड, वीस मीटर लांब, खाद्यतेल साठवायची. कारखान्यात अखंड तयार करायची, ट्रेलरवर आडवी बांधायची, बंदरावर न्यायची आणि बोटीत चढवून परदेशी धाडायची. “बनवायला काय, कुणीही बनवेल,” बोटमोजे म्हणायचे. “फाटकातून बाहेर काढून दाखवा!”

बाहेर काढणं हेच त्यांचं काम. कारखान्यापासून बंदरापर्यंत सतरा किलोमीटर. टाकी निघायच्या आधी हा माणूस ते सगळे पायी चालायचा. हातात बांबू, ट्रेलरवर बसलेल्या टाकीच्या बरोब्बर उंचीचा, टोकाला लाल चिंधी. प्रत्येक तार, प्रत्येक फांदी, प्रत्येक पूल. वर जी फट उरेल ती ते शिडीवर चढून बोटांनी मोजत. खिशात टेप असे, पण तो चष्म्याच्या रिकाम्या घरासारखा, नुसता शोभेला. सगळं मोजून झालं की कागदावर एकच शब्द लिहायचा: ‘जाईल’. एकतीस वर्षांत त्यांनी ‘जाईल’ म्हटलेली टाकी अडली नव्हती.

नवे साहेब आले ते लेझरचं यंत्र घेऊन. वाटेतल्या पादचारी पुलाखाली यंत्र धरून त्यांनी जाहीर केलं, “फट पंचाहत्तर मिलिमीटर.” बोटमोजे शिडीवरून उतरत म्हणाले, “चार बोटं.” साहेबांनी त्यांचा पंजा धरून पट्टीवर ठेवला. चार बोटं, पंचाहत्तर मिलिमीटर. साहेबांनी तोंडात बोट घातलं. ते मात्र कुणी मोजलं नाही.

घरीही तेच. भातात पाणी किती? एक पेर. पडदा किती वर घ्यायचा? तीन बोटं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, या मोजमापाशी केव्हाच जमवून घेतलं होतं. त्यांची तक्रार वेगळीच होती. “एकतीस वर्षं बोटी भरतायत, पण मी कधी बोट पाहिली नाही. ‘बोट दाखवा, बोट दाखवा’ म्हटलं की हे रस्त्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, ‘त्या बाजूला आहे!’ ”

“अगं, टाकी सोडून तुला कुठे मिरवू?”

“टाकीवरच बसवा की! तेवढी जागा असेल ना चार बोटं?”

तर महिनाअखेर बोटमोजे निवृत्त व्हायचे होते आणि ही त्यांची शेवटची टाकी होती. बोट दुपारी चारला सुटणार. पुढची दोन महिन्यांनी, म्हणजे बोटमोजे घरी बसल्यावर. शेवटचं ‘जाईल’ खोटं ठरलं तर बाकीच्या एकतीस वर्षांना काय अर्थ, असं त्यांनी टाकी निघायच्या आदल्या दिवशी तीनदा बोलून दाखवलं होतं.

रविवारी उजाडता उजाडता वरात निघाली. पुढे बांबू घेऊन बोटमोजे, मागे मुंगीच्या चालीने ट्रेलर. पादचारी पुलापाशी ते थांबले. बांबू पुलाखाली सरकवला, आणि चिंधी पुलाला अडली.

“काका, बांबू वाढला का काय?” ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

बांबू वाढला नव्हता, रस्ता वाढला होता. मोजणीनंतरच्या चार दिवसांत कुणीतरी मोठ्या प्रेमाने डांबराचा नवा थर घातला होता. बोटमोज्यांनी रस्त्याच्या कडेला बसून थरावर बोटं ठेवली. पाच. फट चार बोटांची, थर पाच बोटांचा.

“ट्रेलर आणखी खाली बसवता येईल?”

“आणखी बसवला तर उठायचा नाही काका. आधीच बसवलाय.”

बोटमोज्यांनी फोन काढला, साहेबांना निरोप टाकला: ‘एक बोट कमी. थांबलोय.’ मग फोन ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर टाकून ते टाकीखाली शिरले.

हा निरोप साहेबांनी चहा पिता पिता वाचला, आणि चहा सदऱ्यावर गेला. एक बोट कमी! म्हणजे रद्द झाली! बोटमोज्यांना बंदरावरून कळलं असणार. साहेबांनी फोन लावला. तो सीटवर वाजत राहिला, कारण ड्रायव्हरही जॅक काढायला उतरला होता. बंदरावरचा माणूस फोन उचलेना. शेवटी साहेबांनी त्याला लिहून टाकलं की बोट नसल्यामुळे टाकी येत नाही, क्रेन मोकळी करा. या एकाच निरोपाला त्या माणसाने तत्परतेने उत्तर दिलं: ‘ठीक.’

दोन-अडीच तासांनी साहेबांना वाटलं, घरी तरी विचारावं. फोन काकूंनी उचलला.

“बोटमोजे आहेत का?”

“टाकीबरोबर गेलेत. का हो साहेब, अडली का?”

“बोटच रद्द झाली! त्यांचाच निरोप आहे. ‘एक बोट कमी.’ ”

 पलीकडे काकू हसायला लागल्या.

“अहो साहेब, ती बोट नव्हे, ते बोट!”

“कुठलं ते?”

“हाताचं! कुठेतरी फट एक बोट कमी पडत असेल. आमच्याकडे भातात पाणी कमी झालं तरी हेच वाक्य असतं. तुम्ही क्रेनवाल्याला काही बोलला नाहीत ना?”

साहेबांनी गाडीची किल्ली उचलली. “मी बंदरावरच निघतो,” ते म्हणाले.

“मग आमचं घर वाटेतच आहे. मी दारात उभी राहते.”

इकडे पुलाअलीकडे बोटमोज्यांना त्यांचं एक बोट सापडत होतं. टाकी लाकडी बैठकांवर टेकली होती, आणि प्रत्येक बैठकीवर दोन बोटं जाडीची फळी होती. जॅक लावून टाकी केसभर उचलायची, फळी ओढून काढायची, तिच्या जागी पातळ रबर सरकवायचं, पुन्हा टेकवायची. चार बैठका, तीन तास. शेवटची फळी निघाली तेव्हा बोटमोज्यांच्या शर्टाचा रंग सांगणं अवघड झालं होतं. बांबूचं टोकही तेवढंच कापलं, चिंधी पुन्हा बांधली, आणि बांबू पुलाखालून पलीकडे गेला. पाठोपाठ टाकी. पुलावर उभी असलेली माणसं वाकून बघत होती. एकाने हात खाली घालून तिच्या पाठीवर थाप मारली.

साहेबांना दुसरा निरोप आला: ‘अर्धं बोट शिल्लक. निघालो.’ रबराने अर्धं खाल्लं होतं. साहेबांनी गाडी बाजूला घेऊन स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“हाताचंच,” काकू म्हणाल्या. “बोट अर्धी कशी शिल्लक राहील? चला!”

बंदरावर क्रेनवाला हात धुऊन घरी निघाला होता. साहेब क्रेनपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळा प्रकार सांगू लागले. तो ऐकता ऐकता खाली बसला. “म्हणजे बोटापायी बोट सोडत होता तुम्ही?” एवढं बोलून तो पोट धरून हसला आणि पुन्हा शिडी चढला. बहुधा पुढे काय होतं ते बघायलाच.

अडीचला टाकी आली. साडेतीनला ती हवेत उचलली गेली, गरगरत एकदा सगळ्यांना पाठ दाखवून बोटीच्या पोटात उतरली. बोटमोजे काठावरून मान लांब करून बघत होते. टेकल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. वळून बघतात तर मागे काकू.

“तू? इथे?”

“साहेबांनी आणलं. तुमचा निरोप वाचून दाखवायला माणूस लागतं म्हणे.”

साहेब पुढे झाले. “बोटमोजे, माझंच चुकलं. पण यापुढे पाण्यातल्या बोटीला जहाज लिहायचं. हुकूम समजा.”

“यापुढे कसलं, साहेब? मी तर सुटलो.” मग ते काकूंकडे वळले, काळपट बोट समोरच्या लोखंडी भिंतीकडे केलं. “ही बघ. बोट.”

काकूंनी मान वर करत करत पार मागे नेली. मग बोटीकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं.

“बाई गं, केवढी ही! आणि तुम्ही तिला अर्ध्या बोटाने गाठलीत?”

भोंगा वाजला. चार दिवसांपूर्वी लिहिलेला कागद बोटमोज्यांनी खिशातून काढला आणि ‘जाईल’ खोडून त्याच्याखाली लिहिलं: ‘गेली.’