काकीनं खडी घासली तो दिवस

आमच्या काकीनं एकदा वॉशिंग पावडर टाकून नानांचे सगळे मासे मारायला घेतले होते.

आज पहाटे काकी गेली. पिकल्या वयात, झोपेत, कुणाला त्रास न देता.

रडू आलंच. पण सकाळपासून डोक्यात ते मासेच फिरतायत आणि मधेच हसू फुटतंय. काय करणार राव.

काकी म्हणजे माझी थोरली चुलती. पारगावजवळच्या आमच्या वस्तीवर तिच्याइतकं स्वच्छ घर कुणाचं नव्हतं. गळ्यात माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे.

नाना म्हणजे तिचे मालक. कारखान्याच्या सीझनमध्ये उसाची ट्रॉली उलटली आणि त्यांचा पाय गुडघ्यातून कायमचा अधू झाला. शेत धाकट्या भावाकडं गेलं. नाना दिवसभर ओसरीतल्या खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.

"सुन्या, ह्यांना कायतरी काम बघ रं," काकी मला म्हणायची. "माणूस असा पडून पडून संपल."

मी तेव्हा डिप्लोमाला होतो. मंचरच्या सायबर कॅफेत एक चीज सापडली, अ‍ॅक्वापोनिक्स. प्रिंट काढून आणली. टाकीत मासे पाळायचे. त्यांच्या घाणीचं पाणी पंपानं वर खडीच्या वाफ्यात सोडायचं. खडीत भाजी लावायची. भाजीला खत मिळतं, पाणी साफ होऊन परत टाकीत. माती नाही, वाकणं नाही.

नानांनी प्रिंट उलटीसुलटी करून बघितली.

"आन् मासं खानार कोन?"

"कुणी नाही. त्यांना फक्त हगायला ठेवायचं, नाना."

पाय गेल्यापासून नाना पहिल्यांदा खो खो हसले.

काकीनं एकच अट घातली. "माज्या सैपाकघरातलं एक भांडं त्या टाकीला लागाया नाय पायजे."

परसात जुनी सिमेंटची टाकी होती. निळं बॅरल उभं चिरून दोन वाफे केले. पंप जुन्या कूलरचा. वाफे किती उंच ठेवायचे यावरून आमची लई भांडणं झाली. शेवटी नानांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचा हात आरामात खडीत पोचेपर्यंत खाली विटा रचत गेलो.

चिलापीची पिल्लं डिंभ्याच्या धरणावरून दुधाच्या कॅनमधून आणली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पावणं, तुमचं दूध उड्या मारतंय."

पुदिना, पालक असा काही माजला की विचारू नका. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडायचा. मग नाना डब्यानं पाणी वर ओतत बसायचे. लाइट लवकर आली की चिडायचे!

मग नवरात्र आलं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं अख्खं घर धुवून काढतात. गोधड्या, डबे, फडताळं, सगळं. आदल्या दिवशी मी नानांना पाय दाखवायला मंचरला नेलं होतं. परत आलो तर काकी घामाघूम आणि लई खूश.

"बगा, तुमचं त्ये बी लख्ख केलं!"

खडीवर एक काळा-हिरवा बुळबुळीत थर धरलेला असायचा. काकीनं रोपं अलगद काढून बादलीत ठेवली होती आणि सगळी खडी पावडर टाकून, काथ्यानं घासून पांढरीशुभ्र केली होती.

अहो, तो थरच तर सगळं काम करत होता! माशांच्या घाणीचं खत तिथंच व्हायचं.

वर पंप चालू. टाकीत फेसच फेस. मासे वर येऊन आ वासत होते.

नानांनी फक्त वळून ओसरीकडं, खाटेकडं बघितलं.

काकीनं ते बघितलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

मी पंप बंद केला आणि पाणी आणायला विहिरीकडं पळालो. परत येतो तर काय! काकीनं पदर खोचलेला, टाकीत वाकलेली आणि हातात तिची पिठाची चाळण. उद्याच्या पूजेला विहिरीवरून हंडे भरून ठेवले होते, त्यात ती एकेक मासा सोडत होती. चाळणीतून निसटला की सरळ हातानं धरत होती. माळकरी बाई!

"काकी, ते देवाचं पाणी!"

"द्येव उद्या येनार हाय. ह्ये आत्ता मरत्यात!"

थोडे गेले. बरेच वाचले. आम्ही टाकी आणि खडी धुवून नवं पाणी भरलं, मासे परत सोडले. नाना स्टुलावर बसून होते. मग उठले, खाटेवर जाऊन आडवे झाले. भिंतीकडं तोंड.

काकी जेवली नाही.

सकाळी ती चहा घेऊन ओसरीत गेली, तर खाट रिकामी. ती मला हाका मारत परसात धावली.

नाना स्टुलावर होते. गड्याला पाठवून त्यांनी विहिरीच्या पायरीवरचे शेवाळलेले दगड आणवले होते. थर पुन्हा धरावा म्हणून ते एकेक दगड खडीत पुरत होते.

काकीनं चहा पुढं केला. नानांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ठेव तितं. मला काम हाय."

काकी दारातच मटकन बसली आणि ढसाढसा रडायला लागली. मी घाबरलो. म्हटलं, काय झालं?

"ऐकलंस का, सुन्या? त्यांना काम हाय."

नाना त्यानंतर बरीच वर्षं जगले. दिवसा खाटेवर आडवे झालेले मी काही पाहिले नाहीत.

काकी, सुखानं जा. तुझ्या सुन्याचा तुला साष्टांग नमस्कार.