मुलीला सांगायचं कोणी?

आमचं लग्न झालं तेव्हा बायकोची मुलगी आठ महिन्यांची होती. तिचे जन्मदाते वडील ती पोटात असतानाच अपघातात गेले होते. मला बाबा म्हणायला तिला कोणी शिकवलं नाही, ती आपणहून म्हणायला लागली. पुढे तिला शाळेत घातलं आणि काही वर्षांनी आमचं दोघांचं मोडलं. बायको तिला घेऊन विठ्ठलवाडीला भावाकडे गेली. मी कात्रपच्या फ्लॅटमध्ये एकटा उरलो.

बायको मुलीला भेटू देईना, म्हणून वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "मुलीला रीतसर दत्तक घेतलं होतं का?"

"नाही. तशी गरजच वाटली नाही कधी."

"मग कायद्यानं तुम्ही तिचे कोणी नाही. कोर्टाला तिच्या भल्याचं वाटलं तर भेटायची परवानगी मिळेल. पण अर्जात सगळं मांडावं लागेल. मुलीला माहीत आहे?"

तिला माहीत नव्हतं.

मी बायकोला अर्जाचं कळवलं, त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "तू अर्ज केलास तर जज तिला आत बोलावून विचारतील. तिथे कळू द्यायचं का तिला? त्यापेक्षा सोड. होईल तिला सवय." ती धमकी देत नव्हती, विनवत होती. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

अंबरनाथला कंपनीत कामावर जात होतो, पण लक्ष लागेना. गप्प बसलो तर मुलगी जाणार, बोललो तरी कदाचित जाणारच. शेवटी बायकोला म्हटलं, "आपणच सांगू. दोघांनी मिळून. त्यानंतरही तू भेटू दिलं नाहीस, तर अर्ज करणार."

रविवारी मेव्हण्यानं दार उघडलं आणि तो आपल्या बायकोमुलांना घेऊन खाली गेला. माझ्या बायकोनं सुरुवात केली, पण तिला पुढे बोलवेना. मग मीच सांगितलं.

मुलीनं आईकडे पाहिलं. "खरंय?"

आईनं मान हलवली.

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्याशी खोटं बोलत होता."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली. "बघितलंस?" बायको म्हणाली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. आतून रडण्याचाही आवाज येत नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "बाबा गेला का?"

"नाही. इथेच आहे."

"मग थांब. मला अजून राग आलाय."

बायको तेव्हा पहिल्यांदा रडली. पुढे घटस्फोटाच्या अटी ठरल्या, तेव्हा एकाआड एक रविवार मुलगी माझ्याकडे राहील, हे तिनंच वकिलांना लिहायला सांगितलं.

पहिल्या रविवारी मुलगी आली ती आईकडून मागून घेतलेला एक फोटो घेऊन. माझ्यासमोर धरून म्हणाली, "माझं नाक यांच्यासारखं आहे ना?"

मी नीट पाहिलं. होतं तसंच.

"हो," म्हटलं.