बरकतपुऱ्यातली अमेरिकन फटफटी

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले त्या वर्षी आमच्या बरकतपुऱ्यात घरोघरचं सामान विकायला निघालं होतं. कुणी मुंबई राज्यात चाललेलं, कुणी म्हैसूरला. लोक पलंग विकत होते, कपाटं विकत होते, दुभत्या म्हशी विकत होते. शहाण्या माणसांनी म्हशी घेतल्या. आमच्या ह्यांनी फटफटी घेतली.

हे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. त्यांचे साहेब गुलबर्ग्याचे, ते म्हैसूरला निघाले. त्यांच्याकडं लढाईच्या काळात अमेरिकन फौजेनं मागं टाकलेली एक अवजड मोटारसायकल होती. साहेबांच्या बाईंनी बजावलं की आगगाडीत एक तर ती चढेल, नाही तर मी. साहेबांनी यावर बराच विचार केला म्हणतात. शेवटी आगगाडीत बाई चढल्या आणि फटफटी आमच्या दारात आली.

ह्यांना ती चालवता येत नव्हती. तिचे गिअर टाकीजवळच्या दांड्यानं, हातानं बदलायचे आणि क्लच पायानं दाबायचा. ह्यांचे हात आणि पाय त्या दिवसांत एकमेकांशी बोलत नसत. शिकताना हे हिमायतनगरातल्या एका बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणात इतक्या वेळा शिरले, की शेवटी तिथल्या माळ्यानं चहा विचारला.

चालवणं जमलं, पण किक जमेना. हे अंगानं काडी. किकवर सगळा भार टाकून उभे राहिले, तरी ती खाली जायची नाही, उलट ह्यांनाच वर उडवायची. सासूबाई ओट्यावरून बघायच्या आणि दृष्ट काढायला मीठमोहऱ्या आणायला सांगायच्या. एके सकाळी कचेरीची वेळ टळायला लागली, तेव्हा मी पदर खोचला, काष्टा आवळला आणि किकवर पाय दिला. मी उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली, अंगानं भरलेली. फटफटी एका दणक्यात सुरू झाली. समोरच्या माडीवरच्या बेगमसाहिबा पडद्याआडून म्हणाल्या, "भाई, दुल्हन को दफ्तर भेजो, तुम घर में रहो."

तेव्हापासून तसंच चाललं. हे साहेबासारखा चेहरा करून बसायचे, मी किक मारायची आणि हे मागं न बघता निघून जायचे. मागं बघायला गेले की गाडी बंद पडायची. कचेरी चढावर होती, त्यामुळं संध्याकाळी किक न मारता गाडी उतारावर सोडून सुरू करायचे.

मग कचेरीत सगळ्यांना मर्जी विचारली, कुठल्या राज्यात जाणार म्हणून. माझ्या मनात काही शंकाच नव्हती. आपली माणसं, आपली भाषा, नांदेड नाही तर औरंगाबाद. मी मनातल्या मनात भांडीसुद्धा बांधली होती. आणि एक दिवस बेगमसाहिबांकडून मला कळलं, की आमचे हे इथंच राहणार असं लिहून देऊन आले.

"मला विचारलं नाहीत," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस," हे म्हणाले.

मी भांडले नाही. फक्त सकाळी किक मारायला बाहेर गेले नाही. हे बसनं कचेरीला जाऊ लागले. फटफटी दारात उभी, तिच्यावर सासूबाई पापड वाळवायला लागल्या. शेवटी ह्यांनीच हत्यार टाकलं. थंडीत रजा काढतो, म्हणाले, तुझ्या माहेरी जाऊ, हिच्यावरूनच.

गेलो. कुकटपल्ली तेव्हा एक खेडं होतं. तिथंच गाडी बंद पडली. ह्यांनी उतरून तिला सगळीकडून पाहिलं, जसं काही तिचा नकाशा काढायचा होता. गाव जमलं. मी खाली उतरून किक मारली, तशा पाणी भरणाऱ्या बायका तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि खूप हसल्या. हे म्हणाले, त्या तुझं कौतुक करतायत. चेहरे बघता कौतुक माझंच होतं, हसू मात्र ह्यांच्यासाठी होतं.

बिदर तोवर म्हैसूरकडं गेलेलं. तिथं शिपायानं अडवून गाडी कुठली विचारलं. हे म्हणाले, हैदराबाद राज्याची. शिपाई म्हणाला, वो राज तो गया. हे इतके गोंधळले, की माफी मागितली.

माहेरी पोचलो. माझे वडील बैल पारखावा तसे फटफटीभोवती फिरले आणि जावयाला फार मान दिला. तो दुसऱ्या दिवशी किक मी मारेपर्यंत टिकला. मग मात्र सगळे माझ्याकडं वळले. दर वाक्याला मी हैदराबादी 'हौ' म्हणते, नको म्हणायचं तिथं 'नक्को' म्हणते, वरणात चिंच मागते. भावजया पदर तोंडाला लावून हसायच्या. आई म्हणाली, ही पाहुणी कुठली गं आणलीत? मला आधी हसू आलं, मग जरा राग. मी इतकी वर्षं जिथं परत यायचं म्हणून झुरत होते, तिथं मीच परगावची झाले होते. दुपारी आंब्याखाली पडले की मला बेगमसाहिबांची माडी दिसायची, नारायणगुड्याचा भाजीबाजार ऐकू यायचा. कुणाला सांगायची सोय नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना वडील जावयाला म्हणाले, नांदेडला आमच्या ओळखीचे एक मोठे अधिकारी आलेत. शब्द टाकतो, तुमची बदली करून घेतील.

"नक्को," मी म्हटलं.

सगळे जेवायचे थांबले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी गप्प बसले. वडिलांनी नांदेडचा विषय परत काढला नाही, पण भाकरी मला स्वतः वाढली.

परतताना जहिराबादच्या अलीकडं चहाला थांबलो, तेव्हा ह्यांनी जपून विचारलं, राग गेला का?

मी म्हटलं, राहायचं ठरवलंत ते बरोबरच होतं. पण पुढच्या खेपेला आधी मला विचारायचं, आणि मी नाही म्हणाले तर थोडं भांडायचं.

हे म्हणाले, भांडायला येत नाही मला. मी म्हटलं, शिकवते. मग बशीत गार झालेला त्यांचा चहा मीच पिऊन टाकला.