करवतीचं दुसरं टोक

परवा शेजारच्या सुताराने नव्या करवतीवरचा कागद काढला आणि तेल लावलेल्या पोलादाचा वास आला. त्या वासासरशी मी लोणावळ्याच्या बाजारातल्या हत्यारांच्या जुन्या दुकानात जाऊन पोचले.

माझं नवीनच लग्न झालं होतं. आमचे हे सुतार. मोठ्या करवतीचं दुसरं टोक धाकटे दीर ओढायचे, पण ते देहूरोडच्या लष्करी डेपोत लागले आणि जुनी करवतही झिजली. म्हणून हे एकट्याला पेलेल अशी लहान करवत घ्यायला आले होते. तिच्यावर घरांच्या तुळया निघणार नव्हत्या. पाट-चौरंगांवरच भागवावं लागलं असतं.

तरी यांनी मोठी करवत उचलली. पातं वाकवून सोडलं, तसं ते बराच वेळ घुमत राहिलं. पोलाद अस्सल होतं, पण यांनी ती नाइलाजाने परत ठेवली.

“तीच घ्या की,” मी म्हणाले.

“आन् दुसऱ्या टोकाला कोन?”

“मी हाय न्हवं.”

गिऱ्हाइकं हसली. दुकानदार चाचा हसले नाहीत. त्यांनी दारातला ओंडका पुढे सरकवला. “वढून बगा दोघं.”

मी जोरात ढकलली आणि पातं अडकलं.

“ढकलू नगंस,” हे हळूच म्हणाले. “आपल्याकडं वढायची, मंग सोडून द्यायची.”

मग भुसा पडू लागला.

तेव्हा मला फक्त तुळया दिसत होत्या. आता आठवतं ते वेगळंच. तोवर मी यांच्या मागून, खाली मान घालून चालत असे. भर दिवसा, चार माणसांत, यांच्या तोंडाकडे मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या ओंडक्यावरून.