ढब्बूसाठी भाजलेले बोंबील

पापडी गावच्या सालोमी टीचर शाळेतून निवृत्त झाल्या, पण पोरांच्या पोटाची काळजी वाहायची खोड काही गेली नाही. फक्त पोरं आता चार पायांची होती. गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंतांची गोळी द्यायची, तीही भाजलेल्या सुक्या बोंबलात दडवून, हा त्यांचा शिरस्ता. बोंबील म्हटला की कुत्री गोळीसकट गिळून मोकळी.

यंदा गटाराच्या लादीखाली तीन पिल्लांतलं एकच जगलं होतं. पोट नगाऱ्यासारखं, पायांच्या काड्या. "काय गुटगुटीत आहे!" म्हणत लोकांनी त्याचं नाव ढब्बू ठेवलं. टीचरही फसल्या. प्राण्यांच्या डॉक्टर क्षितिजाने मोबाइलवरचा फोटो पाहून सांगितलं, "ही चरबी नाही, टीचर. पोटात जंत भरलेत, आईकडूनच आले असणार. दोघांना गोळी द्या. चार दिवसांत पोटात गेली नाही तर पिल्लू हातचं जाईल."

ढब्बू अंगाला हात लावू देईना, म्हणजे गोळी खाण्यातूनच जायला हवी. आणि नेमका उपवासकाळ चालू! एकदा नवरा, फ्रेडरिक, मरणाच्या दारात असताना टीचरांनी नवस केला होता, की दरवर्षी ईस्टरआधीचे चाळीस दिवस घरात मासळी शिजणार नाही. फ्रेडरिक उठला, पुढे बारा वर्षं जगला. त्याला जाऊनही आता नऊ वर्षं झाली, पण नवस अभंग होता. म्हणून गोळी केळ्यात गेली. ढब्बूने केळं खाल्लं आणि गोळी थुंकली. गुळात घातली, बटाट्यात घातली, तीच गत. तिसऱ्या दिवशी तो उठेनासा झाला.

दुपारी टीचर फ्रेडरिकच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. "तुझ्यासाठी केलेला नवस याच्यासाठी मोडते. रागावू नकोस," म्हणाल्या आणि बोंबील तव्यावर टाकले.

वास गल्लीभर गेला. शेजारची फ्लॉसी धावत आली. "टीचर बाय, उपासात बोंबील? तुमच्या घरात?"

"मी नाय खात गो. ढब्बूला आहेत."

लादीखाली आधी नाक हललं, मग तोंड. आईनेही आपला वाटा गट्ट केला.

दुसऱ्या सकाळी लादीपाशी शिजलेल्या शेवयांसारखा पांढरा गुंता पडला होता. फ्लॉसीने नाक दाबलं. टीचरांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहू लागलं. "पडले गो बाय, पडले!" यंदा ईस्टरला शेवया नकोत, असं फ्लॉसीने तिथेच जाहीर केलं.

पंधरा दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी, दुसरी गोळी. ढब्बूचं पोट आत गेलं होतं, नाव आता शोभत नव्हतं. बोंबील त्याने टीचरांच्या हातातूनच खाल्ला, आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून तिथेच झोपला.

चर्चची घंटा झाली. शुक्रवारची क्रुसाच्या वाटेची प्रार्थना टीचरांनी कधी चुकवली नव्हती.

"चला ना टीचर, उशीर होतोय," फ्लॉसी म्हणाली.

"तू हो पुढे."

नवस मोडला, आता प्रार्थनाही चुकणार. पण नऊ वर्षांनी कुणीतरी त्यांच्या भरवशावर इतकं गाढ झोपलं होतं. टीचरांनी पाय हलवला नाही.